सोडा म्हणेपर्यंत

सांगलीत जन्मलेल्या माणसाला पोहता येत नाही, हे साताऱ्याच्या बाजूला कुणाला पटत नाही. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मी हायस्कूलला मराठी शिकवतो, आणि तिथले लोक माझ्याकडे असं बघतात, की जणू मी कृष्णेतून पोहत पोहतच नोकरीवर हजर झालो; तेही प्रवाहाच्या उलट.

खरी गोष्ट एवढीच की माझी आई धोरणी होती. बाकीच्या आयांना मुलांना भिववायला बागुलबुवा शोधावा लागतो. माझ्या आईला ती अडचण नव्हती. नदीत मगरी आहेत असं ती सांगायची, आणि नदीत मगरी होत्याच. अजून आहेत. अधूनमधून पेपरात त्यांचा फोटो येतो. आमच्या गल्लीतल्या एकाही माणसाचा अजून आलेला नाही. महापुरात गल्लीत पाणी शिरलं तेव्हासुद्धा मी बाहेर पडलो तो होडीच्या मधोमध बसून, शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन मांडीवर धरून. पाण्याशी माझा संबंध तेवढाच.

हे सगळं मी माझ्या मुलीला सांगायला हवं होतं. ती पाच वर्षांची असताना मी तिला वेगळंच सांगितलं. बाप माणूस मुलीसमोर बसला की त्याच्या बालपणात आपोआप सुधारणा होत जातात. माझ्या बालपणात मी नदी आरपार पोहायला लागलो. "मला शिकवाल?" तिने विचारलं. "दहा वर्षांची झालीस की शिकवतो," मी म्हणालो. पाच वर्षं म्हणजे माझ्या अंदाजाने कुठलंही आश्वासन विरून जायला पुरेशी मुदत होती. निवडणुकीत पुरते.

ती दहा वर्षांची झाली आणि शाळेत 'माझे बाबा' हा निबंध लिहून आली. त्यातल्या ओळी मला पाठ आहेत. "माझे बाबा सांगलीचे आहेत. लहानपणी ते मगरींच्या शेजारून पोहत असत. मगरी त्यांना ओळखत होत्या. या सुट्टीत ते मला पोहायला शिकवणार आहेत. माझे बाबा दिलेला शब्द पाळतात." खाली बाईंनी लाल शाईने 'छान' असं लिहिलं होतं.

बायकोने वही दोनदा वाचली. "मगरींचं मी समजू शकते," ती म्हणाली, "पण हे शेवटचं वाक्य कुठून आलं?"

मी मुलीला साताऱ्यातल्या पोहण्याच्या तलावाचं आमिष दाखवलं. निळं पाणी, शिट्टी वाजवणारे कोच, डोक्याला टोपी. "कोच शिकवतील. मी काठावर बसतो."

"कोच नाही. तुम्ही."

"अगं, कोचना जास्त येतं."

"तुम्ही म्हणाला होता," ती म्हणाली. विषय संपला. परीक्षा झाल्यावर ती महाबळेश्वरजवळ मावशीकडे राहायला गेली, आणि जाताना परतीचा वार सांगून गेली. मधे दोन आठवडे होते.

आता भाषणाबद्दल सांगायला हवं, कारण त्या भाषणाने माझा घात केला. शाळेत मराठीच्या शिक्षकाला तीन कामं असतात: भाषणं लिहिणे, सन्मानपत्रं लिहिणे आणि उरलेल्या वेळात मराठी शिकवणे. सन्मानपत्रांची भाषा ठरलेली. ज्याची बदली कुठेच होऊ शकली नाही तो एकनिष्ठ. ज्याने नोकरीभर एकाच वहीतून शिकवलं तो व्रतस्थ. ज्याच्याबद्दल काहीच आठवत नाही तो अजातशत्रू. संस्थेच्या वर्धापनदिनी अध्यक्षांना भाषणासाठी निष्ठा हा विषय फार आवडतो. अध्यक्षांनी आजवर किती पक्ष बदलले हे मला तोंडपाठ आहे, फक्त क्रम सांगताना चुकतो. यंदाही त्यांनी निष्ठा मागवली. मी ती दोन तासांमधल्या सुट्टीत लिहून दिली. त्यात एक वाक्य होतं: "दिलेला शब्द देणाऱ्याचा राहत नाही, तो घेणाऱ्याच्या मालकीचा होतो." पुढे कंसात मी 'थांबणे' असं लिहिलं होतं. मागच्या वर्षी अध्यक्षांनी कंसातलंही मोठ्याने वाचलं होतं. यंदा ते नुसते थांबले. टाळ्या पडल्या. मी खुर्च्या आवरायला गेलो आणि ते वाक्य विसरलो.

एक माणूस विसरला नव्हता. पहिल्या रांगेत बसलेले सुभेदार.

सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. शाळेच्या मागे त्यांचं शेत, आणि शेतात पायऱ्यांची दगडी विहीर. कॅनॉलच्या कृपेने तिला मे महिन्यातसुद्धा दोन पुरुष खोल पाणी असतं. दर उन्हाळ्यात ते गावच्या पोरांना तिथे पोहायला शिकवतात, फुकट. त्यांची पद्धत पिढीजात आहे. शिकणाऱ्याच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधायचा, कमरेला बैलाचा कासरा. कासऱ्याचं दुसरं टोक पायरीवर सुभेदारांच्या हातात. "धरलंय, धरलंय, मार हात," असं ते म्हणत राहतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कॅन निघतो आणि त्यानंतर एक दिवस "धरलंय, धरलंय" म्हणत ते कासरा हळूच पाण्यात सोडून देतात. शिकणाऱ्याला हे कळतं ते काठावरच्या हसण्यावरून, आणि तोवर तो मध्यावर पोचलेला असतो. गावातली निम्मी माणसं या फसवणुकीतून पोहायला शिकली आहेत. कुणाचीही तक्रार नाही.

माझी होती. मी आगाऊच केली.

"सुभेदार, मला शिकवा. पण एक शब्द हवा. मला न सांगता कासरा सोडायचा नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग विहिरीकडे. "सर, मग तुमी शिकायचा कवा?"

"शिकेन की. पण फसवून नको. मी मोठा माणूस आहे."

"मोठा हाय म्हनूनच तर," ते म्हणाले. मग त्यांनी थोडा विचार केला. "बरं. तुमी सोडा म्हणस्तवर सोडणार न्हाई. दिला शब्द. आन दिलेला शब्द घेणाऱ्याच्या मालकीचा, व्हय ना?"

"ते अध्यक्षांचं वाक्य आहे."

"अध्यक्ष असलं बोलतील व्हय? लय झ्याक लिवलंय सर तुमी. मी घरी जाऊन लिहून ठिवलंय."

लिहिणाऱ्या माणसाने सगळ्याची तयारी ठेवलेली असते. टीकेची, दुर्लक्षाची, छपाईतल्या चुकांची. पण आपलं वाक्य कुणी खरंच मनावर घेतलं तर काय करायचं, याची तयारी नसते.

सकाळी सहाची वेळ ठरली, कारण इतक्या लवकर विहिरीवर कुणी नसेल असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी माझा नववीचा अख्खा वर्ग तिथे होता. मला बघून सगळे ओल्या चड्ड्यांवर उभे राहिले आणि एका सुरात "नमस्ते सर" म्हणाले. मी पाठीला शेंगतेलाचा कॅन बांधलेला, कमरेला कासरा. वर्षभर वर्गात कमावलेला दरारा उतरायला पायऱ्या अकरा होत्या.

शिक्षक शिकायला बसला की विद्यार्थ्यांना जो आनंद होतो, तो कुठल्याही स्नेहसंमेलनात होत नाही.

"सर, पाय मारा पाय!"

"सरांना हाताला पाचपैकी तीन. पायाला अर्धा."

"सर, आमाला म्हणता घोकंपट्टी नको, आन तुमी सवता पायरी सोडंना!"

सुभेदार या गलक्यात पडायचे नाहीत. कासरा दोन्ही हातांत धरून ते गुडघाभर पाण्यातल्या पायरीवर उभे राहायचे. गुडघे दुखतात म्हणून घरी ते पाटावर बसत नाहीत, हे मला नंतर कळलं. रोज शेवटी ते हजेरी घेतल्यासारखं एकदाच विचारायचे.

"सोडू का?"

"नको."

"बरं."

सहाव्या दिवशी कॅन निघाला. नवव्या दिवसापर्यंत मी या काठापासून त्या काठापर्यंत जायला लागलो. दहाव्या दिवशी कासरा इतका ढिला होता की मधे तो पाण्यात झोका घेत होता. त्याने मला धरलेलं नव्हतं; मीच त्याला ओढत नेत होतो. हे सगळ्या वर्गाला दिसत होतं.

"सुभेदार, सोडा की! सर आपलं आपलं पवत्यात!"

"न्हाई."

"हळूच सोडा. त्यास्नी कळायचं बी न्हाई."

"शब्द दिलाय."

यावर वर्गात नाराजी पसरली, आणि ती रास्त होती. त्यांच्यातल्या प्रत्येकाला याच पायरीवरून फसवलेलं होतं. एकाने विचारलंच. "मग आमाला का न्हाई दिला शब्द?"

"तुमी मागितला न्हाई," सुभेदार म्हणाले.

घरी बायकोने चौकशी केली. "म्हणजे तुम्हाला पोहता येतंय."

"नाही. कासरा आहे ना."

"कासरा काय करतो?"

मी विचार केला. "असतो," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने कॅलेंडरकडे बोट केलं. मुलगी रविवारी येणार होती. ज्याच्या कमरेला दोरी आहे असा बाप मुलीच्या कमरेची दोरी धरू शकत नाही, हे गणित मराठीच्या शिक्षकालाही येत होतं. मी रोज पाण्यात उतरताना ठरवायचो की आज म्हणायचं. आणि सुभेदारांनी विचारलं की माझ्या तोंडातून 'नको' निघायचं. त्या माणसाचा मला राग येऊ लागला होता. इतरांसारखं त्याने मलाही फसवलं असतं, तर मी केव्हाच सुटलो असतो. त्याने सगळा मामला माझ्यावर सोपवला होता, आणि भलेपणाने कुणी आपल्यावर काही सोपवलं की पळायला वाट राहत नाही.

शनिवारी सुट्टी मिळेल अशी मला खात्री होती. त्या दिवशी सुभेदारांच्या पुतण्याचं लग्न होतं, कराडला लागून असलेल्या मलकापुरात. मुहूर्त सकाळचा. सहा वाजता मी समाधानाने अंथरुणात पडलो होतो. सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"सर, कुठं हाय तुमी? मी हिरीवर हाय."

मी गेलो. सुभेदार पायऱ्यांवर उभे होते. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, अत्तराचा वास, पायांत नवे कोरे काळे बूट. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा दोन पायऱ्या वर उभे होते, कोरड्यात. तेवढीच लग्नाला दिलेली सवलत. हातात कासरा. बांधावर एक मिनीबस उभी होती आणि तिच्यातून उतरलेले नातेवाईक विहिरीभोवती जमले होते. नववीचा वर्ग होताच.

काठावरून त्यांच्या बायकोने आवाज दिला. "आवं, चुलता न्हाई म्हनून अक्षता थांबायच्या न्हाईत! आज तरी ऱ्हाऊ द्या की तुमच्या सरांचं पवणं!"

"धा मिनटं," सुभेदार म्हणाले. "रोजचा टाइम हाय."

त्यांचा फोन वाजला. त्यांनी एका हाताने कासरा धरून दुसऱ्या हाताने तो कानाला लावला. "व्हय, व्हय, निघालोय. रस्त्यातच हाय. कराड दिसाय लागलं." फोन खिशात ठेवला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दिलेल्या शब्दाला इतका जागणारा माणूस इतकं सफाईने खोटं बोलतो, याचं मला क्षणभर आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं: शब्द त्यांनी मला दिला होता, मलकापूरला नाही.

मी उतरलो. दोन फेऱ्या मारल्या. लग्नाला निघालेली पंचवीस माणसं भरजरी कपड्यांत उभी राहून तुमचं पोहणं बघत असतील, तर पाय आपोआप चांगले चालतात. विहिरीच्या मध्यावर असताना प्रश्न आला.

"सोडू का?"

मी आणखी दोन हात मारले. वरून एक म्हातारी म्हणाली, "आवं गुरुजी, म्हना की सोडा! तकडं नवरी हार घिऊन उभी असंल!"

मी सुभेदारांकडे पाहिलं. फेट्याचा शेमला ओला झाला होता. बुटांना शेवाळ लागलं होतं. ते मुळीच घाईत नव्हते. मी 'नको' म्हटलं असतं तर ते 'बरं' म्हणाले असते आणि उद्या पुन्हा आले असते. परवा आले असते. मी निवृत्त होईपर्यंत आले असते, आणि मग मी त्यांचं सन्मानपत्र लिहिलं असतं.

"सोडा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

"पुन्यांदा म्हना."

"अहो सोडा!"

त्यांनी हात उघडला. कासरा पाण्यावर पडला आणि मी बुडालो.

बारा दिवस जे अंग आपोआप तरंगत होतं, ते दगडासारखं खाली गेलं. नाकातोंडात पाणी गेलं. आईच्या सगळ्या मगरी एका रांगेत भेटायला आल्या. मग पायाने कुठलीशी लाथ मारली, हातांना त्यांचं काम आठवलं, आणि डोकं वर आलं. वर कुणीही ओरडत नव्हतं, म्हणून मी घाबरायचं विसरलो. हात मारत समोरच्या काठाला गेलो आणि तिथल्या दगडाला मिठी मारली.

मग गलका झाला. नववीच्या वर्गाने मला पोहण्यात पास केलं. वऱ्हाडातल्या एका बाईने सवयीने अक्षता टाकल्या. मी खोकत खोकत वळून पाहिलं. सुभेदार पायरीवर तसेच उभे होते, फक्त एका पायात बूट होता. दुसरा हातात होता.

"दुसरा काढायची येळ आली न्हाई," ते म्हणाले, आणि बूट घालून लग्नाला गेले. मुहूर्त गाठला की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही.

रविवारी मुलगी आली. विहिरीवर गेल्यावर मी तिला सावकाश, योग्य प्रस्तावना करून सगळं सांगणार होतो. माझ्या विद्यार्थ्यांनी ती जबाबदारी उचलली. "तुझं बाबा कालच शिकल्यात," एकाने पंधरा सेकंदांत सांगून टाकलं, "आन पयल्यांदा बुडालं."

तिने माझ्याकडे पाहिलं. निबंधाची वही तपासावी तसं.

"आणि मगरी?"

"मगरी होत्या," मी म्हणालो. "मी काठावर होतो."

ती विहिरीकडे बघत राहिली. पोरं पाण्यात मुटके मारायची थांबली होती. पाच वर्षांत मी इतकं कशालाच घाबरलो नव्हतो; कालच्या पाण्यालासुद्धा नाही.

"पण शिकवणार तुम्हीच ना?"

"मीच."

"मला न सांगता सोडायचं नाही."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी मागे वळून सुभेदारांकडे पाहिलं. ते मोटरच्या खोलीपाशी कठड्यावर चहा पीत बसले होते आणि त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं, असं त्यांचं तोंड सांगत होतं.

"तू सोडा म्हणेपर्यंत नाही सोडणार," मी म्हणालो. "दिला शब्द."

मी बारा दिवस घेतले होते. तिने चौथ्या दिवशी कॅन काढायला लावला आणि पाचव्या दिवशी, मध्यावर पोचायच्या आधीच, ओरडली, "बाबा, सोडा!"

"थांब, पाय अजून नीट..."

"सोडा म्हटलं ना!"

मला सोडायचं होतं. हात उघडेना. न सोडण्याचा शब्द पाळणं किती सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यात काही करावंच लागत नाही, नुसतं धरून राहायचं. कासरा ताठ झाला होता, ती पुढे हात मारत होती आणि माझ्यामुळे जागच्या जागी अडकली होती. आता ती बुडाली असती तर ती माझ्या धरण्यामुळेच.

कठड्यावरून आवाज आला. चढा नाही, चहा पिता पिता विचारावं तसा. "सर, शब्द कुनाचा?"

मी हात उघडला.

ती बुडाली नाही. मागे वळून बघितलंही नाही. कासऱ्याचं टोक पाण्यावरून तिच्या मागे सरपटत गेलं, आणि ती समोरच्या काठाला लागून दगडावर चढून बसली. मला अचानक दोन्ही हातांचं काय करायचं ते कळेना. वर्गातून कुणीतरी हिशेब सांगितला: "सर, पोरगी तुमच्यापरीस सात दिवसांनी हुशार!"

तिने दम घेतला. मग खाली पाण्याकडे पाहिलं, आणि किती खोल आहे हे तिला पहिल्यांदाच दिसलं असावं.

"बाबा!"

"काय गं?"

"येताना धरा."

कासरा तिच्या कमरेला होता आणि त्याचं सुटं टोक विहिरीच्या बरोबर मध्यावर तरंगत होतं. ते आणायला कुणीतरी जायला हवं होतं, आणि शब्द माझा होता, म्हणजे तिचा. या खेपेला माझ्या कमरेला काही नव्हतं. मी शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. मागे काहीतरी खडकन वाजलं म्हणून वळून पाहिलं. सुभेदारांनी कप कठड्यावर ठेवला होता आणि एक चप्पल काढली होती.

मी पाण्यात गेलो.